त्रिज्येच्या डोक्यावरचा दोन

बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तुमचा बॉयलर कधी फुटला का, आणि तिथला उकाडा तुम्ही सोसलात कसा? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. दुसऱ्याचं उत्तर असं की उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, पण थंडीत सगळा कारखाना डबे गरम करायच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन बसायचा आणि तेवढे दोन महिने आम्हाला जावयासारखा मान असायचा. हे काम शिकलात कुठे, असं मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही. कोणीतरी विचारेल म्हणून बरीच वर्षं वाट पाहिली. आता मीच सांगून टाकतो.

मी शिकलो चिंचवड गावातल्या एका भाड्याच्या खोलीत, चुलीसमोर बसून, बायकोला सांगता सांगता.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरी-चिंचवडला कारखाने बोटांवर मोजण्याएवढे. निगडीच्या बाजूला बाभळी आणि बाजरी, आणि रस्त्याने मोटार गेली तर माणसं वळून बघायची. मी चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातला, मराठी चौथी पास. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ, आणि त्यापलीकडे गणित असतं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एका शेठच्या तेल आणि साबणाच्या कारखान्यात मला बॉयलरवर कोळसा टाकायचं काम मिळालं. त्या कामाला फायरमन म्हणतात. नाव भारदस्त, काम फावड्याचं.

बॉयलर म्हणजे चुलीवरचं झाकण घट्ट बसवलेलं भांडं, एवढं समजलं तरी पुरे. खाली आग, आत पाणी, पाण्याची वाफ, आणि ती वाफ नळ्यांतून कारखानाभर जाते. पाणी किती आहे ते एका काचेच्या नळीत दिसतं. वाफेचा जोर किती आहे ते घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा सांगतो. आणि जोर हद्दीबाहेर गेलाच तर वाफ आपोआप बाहेर पडावी म्हणून वर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आमचा बॉयलर मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला, म्हातारा. त्याचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा होता. व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक लांब लोखंडी दांडी, तिचं एक टोक खिळलेलं आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं. वजन दांडीला दाबतं, दांडी व्हॉल्व्हला दाबते. वाफेने चौरस इंचामागे ऐंशी पौंडांचा जोर केला की ती दांडी उचलते आणि फुस्स करून निसटते. ऐंशीच्या वर जायची परवानगी नव्हती, कारण पत्रे झिजले होते.

या सगळ्याचे धनी होते हसनचाचा. रत्नागिरीकडचे. तरुणपणी बोटीवर कोळसा टाकलेला, मग मुंबईत गिरणीत, आणि बॉयलर इकडे आला तसे त्याच्याबरोबर तेही आले. बॉयलर चालवायला सरकारी सर्टिफिकेट लागतं. ते सगळ्या कारखान्यात एकट्या चाचांकडे होतं. मलाही ते मिळवता येईल हे त्यांनीच एकदा मला सांगितलं. पुण्याला तोंडी परीक्षा होते, साहेब लोक बसून प्रश्न विचारतात, आणि अर्जावर चाचांची सही लागते. सर्टिफिकेट मिळालं तर मी अटेंडंट झालो असतो. नाही मिळालं तर कंबर वाकेपर्यंत फावडं होतंच.

मग मी पुण्याला जाऊन रद्दीतून दोन पुस्तकं आणली. एक पदार्थविज्ञानाचं, एक भूमितीचं. दोन्ही मराठी आणि दोन्ही जखमी. पदार्थविज्ञानाचं शेवटचं प्रकरण उंदरांनी संपवलेलं, आणि भूमितीची पहिली काही पानं आणि मागची उत्तरं गेलेली. दुकानदार म्हणाला, मधलं सगळं शाबूत आहे. मला वाटलं, मधलंच तर महत्त्वाचं असणार.

मोठ्या वयात घरी एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण वेळ ही नसते, आणि डोकं चालत नाही हीदेखील नसते. आपलं बरोबर आलं की चुकलं हे सांगायला कोणी नसतं. शाळेतल्या पोराला मास्तर निदान कान धरून सांगतो. मी उदाहरण सोडवायचो, उत्तर यायचं, आणि ते उत्तर माझ्याकडे आणि मी उत्तराकडे बघत बसायचो. उत्तरांची पानं तर कोणाच्या तरी भज्यांखाली गेलेली. मग मी एक युक्ती काढली. जे वाचलं ते अनसूयेला सांगायचं. तिला पटलं तर बरोबर.

अनसूया माझी बायको. माहेर चऱ्होलीचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भाकऱ्या थापता थापता ती ऐकायची आणि अध्येमध्ये असा प्रश्न टाकायची की मला पुन्हा पुस्तक उघडावं लागायचं. उकळतं पाणी आणि त्याची वाफ दोन्ही सारखीच गरम असतात, हे मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, मग वाफेने जास्त का भाजतं? मी म्हटलं, तसं काही नसतं. तिने नुसता हात पुढे करून मनगटावरचा डाग दाखवला. पुढे आठवडाभर शोधल्यावर सुप्त उष्णतेचं प्रकरण सापडलं. पाण्याची वाफ होताना ती बरीच उष्णता गुपचूप पोटात ठेवते आणि कातडीवर पुन्हा पाणी होताना ती सगळी एकदम सोडते. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मंग आधी का न्हाई म्हनालात?” आणि तो धडा संपला.

तरफेचं प्रकरण आलं तेव्हा मला काही केल्या उमगेना. वजन गुणिले अंतर, हे वाचून पाठ झालं, पण अंतराने वजनात काय फरक पडावा? अनसूयेला सांगितलं तर तिला आश्चर्यच वाटलं नाही. “आवो, गाडी उलाळ व्हती ती,” ती म्हणाली. बैलगाडीत ओझं मागच्या बाजूला जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं, त्याला आमच्याकडे गाडी उलाळ झाली म्हणतात. आसाच्या जवळ चार पोती असली तरी गाडी हलत नाही आणि अगदी मागच्या कडेला एक थोराड गडी बसला तर बैलांच्या माना वर होतात. मी शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून हे बघत आलेलो. पण पुस्तक उघडलं की मी गाडी विसरायचो, ती विसरायची नाही. तिला परीक्षेला बसता आलं असतं तर माझ्याआधी पास झाली असती, आणि तिला बसवण्याचा विचारही तेव्हा माझ्या मनात आला नाही याची रुखरुख आता लागते.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला बॉयलरची पूजा व्हायची. त्या दिवशी आग नसायची. पत्रे धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून शेठ स्वतः आरती करायचे. त्यांच्या वडिलांची एक पितळी घंटा होती. ती दरवर्षी बॉयलरवर टांगायची, आणि कोजागिरीपर्यंत उतरवायची नाही. आता बॉयलर हे गोल गुळगुळीत धूड. त्यावर घंटा टांगायला जागा कुठे? सगळ्यांच्या हाताला सोयीची अशी एकच बाहेर आलेली दांडी होती. घंटा तिच्या अगदी टोकाला, वजनाच्या शेजारी टांगायचे. वर्षानुवर्षं.

त्या वर्षी आरती चालू असताना मी वर बघत होतो आणि माझं टाळ्या वाजवणं थांबलं. शेठ घंटेचं वजन दरवर्षी अभिमानाने सांगायचे. दहा शेर पितळ. साखळी आणि माळा धरून बारा शेर. दांडी मी झाडलोट करताना वितीने मोजलेली होती. खिळलेल्या टोकापासून व्हॉल्व्ह जेवढा लांब, त्याच्या आठ पट लांब ते टोक. म्हणजे बारा शेरांची घंटा व्हॉल्व्हला शहाण्णव शेरांनी दाबणार. एक धडधाकट माणूस व्हॉल्व्हवर मांडी घालून बसल्यासारखं झालं हे. आरती संपली तेव्हा प्रसाद घ्यायचंही मला सुचलं नाही.

घरी आल्यावर कोळशाने भिंतीवर दांडी काढली. शहाण्णव शेर म्हणजे दोनशे पौंडांना जरा कमी. व्हॉल्व्हची त्रिज्या दोन इंच. भूमितीच्या पुस्तकातल्या सूत्रात ती घातली तेव्हा वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच आलं. एका चौरस इंचाच्या वाट्याला किती ते बघायला भागाकार केला, सोळा पौंड आले. म्हणजे ऐंशीला उघडायचा व्हॉल्व्ह शहाण्णवपर्यंत गप्प बसणार, आणि खाली झिजलेले पत्रे. अनसूयेने सगळं ऐकून घेतलं. दांडीचं तिला पटलं. सूत्राचं ती म्हणाली, मला कळत नाही, तुम्हाला कळतं तर बरोबर असेल. मग ती म्हणाली, “चाचांस्नी सांगा. पर तुमचं चुकलं तर?”

चुकलं तर काय हे मला नीट ठाऊक होतं. ज्या माणसाची सही अर्जावर हवी, त्यालाच सांगायचं होतं की तुमच्या बॉयलरवर इतकी वर्षं चूक टांगलेली आहे. आणि तेही कशाच्या जोरावर, तर रद्दीतल्या पुस्तकाच्या.

दसऱ्याची सुट्टी संपून पहाटे आग पेटवायला गेलो तेव्हा मी चाचांना सांगितलं. ते बिडी ओढत शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुज्या पुस्तकात बॉयलर हाय काय?” मी म्हटलं, नाही, तरफ आहे. “मग तरफ पेटव,” म्हणाले आणि निघून गेले. मी कोळसा टाकत राहिलो. त्यांना राग आला होता की दुखावले होते, मला कळेना.

जोर चढत गेला. रोजचा शिरस्ता असा की काटा ऐंशीच्या जवळ आला की चाचा वर चढायचे आणि दांडी हाताने जराशी उचलून व्हॉल्व्ह अडकलेला नाही याची खात्री करायचे. त्या वेळी आतून वाफच दांडीला रेटत असते, त्यामुळे एका हाताचं काम. पण खंडेनवमी ते कोजागिरी ते दांडीला हात लावत नसत. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण कारण उघड होतं. शेठच्या देवाची घंटा होती, पूजा झालेली होती, आणि चाचा मुसलमान होते. दुसऱ्याच्या पूजेला आपला हात लागू नये, एवढा तो मान होता. त्या मानापायी, ज्या दिवसांत दांडी तपासायला हवी, नेमकी त्याच दिवसांत ती कोणी तपासत नव्हतं.

काटा पंचाहत्तरवर आला. मी फावडं टेकवून त्यांच्याकडे बघत होतो. चाचा उठले. नळावर गेले, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. चपला खाली काढून ठेवल्या आणि अनवाणी लोखंडी शिडी चढले. ती शिडी त्या वेळी तव्यासारखी तापलेली असते. वर जाऊन त्यांनी दांडीखाली हात घातला. एका हाताने उचलेना. मग दोन्ही हात घातले आणि पाय रोवले. तेव्हा कुठे ती जराशी हलली.

त्यांनी घंटा सोडवली, छातीशी धरून खाली आणली, आपल्या धुतलेल्या पंच्यावर ठेवली आणि तिच्यापासून चार पावलं लांब जाऊन बसले. थोड्या वेळात काटा ऐंशीवर आला आणि व्हॉल्व्ह फुसफुसला. तो आवाज मी हजार वेळा ऐकला असेल, पण त्या दिवशी फावडं बाजूला ठेवून तो संपेपर्यंत ऐकला.

शेठ आले. पंच्यावर घंटा बघून त्यांनी विचारलं, कोणी उतरवली? कोजागिरीच्या आधी? मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचा म्हणाले, “मी उतरवली. का ते बबन सांगल.” मी भिंतीवर कोळशाने पुन्हा दांडी काढली. शेठना त्यातलं काही कळलं असं वाटलं नाही, पण ते चाचांच्या पायांकडे बघत होते. तळवे लाल झाले होते. शेठनी घंटेसाठी तुळईला आकडा मारून घ्यायला सांगितलं, आणि पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. त्याने मोजमाप केलं, कागदावर आकडेमोड केली आणि सोळा पौंड सांगितले.

सोळा. माझेच सोळा. मी त्या दिवशी घरी कसा गेलो आठवत नाही. अनसूयेला सांगितलं तर तिने गूळ काढला. चाचांनी अर्जावर सही केली. पुढचे काही महिने मी जरा छाती काढूनच चालत होतो आणि चाचा ते बघून न बघितल्यासारखं करत होते.

परीक्षा पुण्याला होती. समोर एक चष्मेवाले साहेब. पाण्याची काच कशी तपासायची, पाणी एकदम खाली गेलं तर काय करायचं, भट्टीतली आग बाहेर कशी ओढायची, सगळं धडाधड सांगितलं. साहेब खूश दिसले. मग त्यांनी विचारलं, व्हॉल्व्हचा व्यास तीन इंच असेल तर क्षेत्रफळ किती? हा तर माझ्या हातचा मळ. व्यास तीन, म्हणजे त्रिज्या दीड. त्रिज्येची दुप्पट तीन, गुणिले बावीस सप्तमांश. म्हटलं, साडेनऊला जरा कमी.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी मला सूत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं, त्रिज्येच्या डोक्यावर छोटा दोन काढला. ते म्हणाले, हा दोन काय सांगतो? मी म्हटलं, दोनाने गुणायचं. “मग तो वर का लिहिलाय?”

“खाली जागा नसंल म्हणून, साहेब.”

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्हाला शिकवलं कोणी? मी म्हटलं, कोणी नाही. मग त्यांनी मला सांगितलं की वरचा छोटा दोन म्हणजे त्या आकड्याला त्याच्याशीच गुणायचं. दीड दिडके सव्वादोन. ज्या पानावर हे लिहिलेलं असतं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. साहेबांनी मला नापास केलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले.

पुण्याहून येताना सगळ्या रस्त्याने मी एकच हिशेब करत होतो. आमच्या व्हॉल्व्हची त्रिज्या दोन. दोनाची दुप्पट चार, आणि दोन दुणे चार. जगातल्या सगळ्या आकड्यांत ज्या एका आकड्यामागे माझी चूक लपली असती, नेमका तोच आमच्या बॉयलरवर बसला होता. मला येत काहीच नव्हतं. ते सोळा पौंड माझे नव्हतेच. परत जाऊन पुस्तकं रद्दीत घालावीत असं मनात आलं, कारण आणखी काय काय मी असंच चुकीचं शिकलोय हे मला सांगणार तरी कोण होतं?

आधी चाचांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “मी तुज्या आकड्यावर घंटा उतरवली असं वाटलं तुला? दांडी उचलंना, म्हणून उतरवली. पण तू बोलला नसतास तर मी हात घातला नसता.” पुढच्या अर्जावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. सहा महिन्यांनी मी पास झालो, आणि चाचांनंतर तो बॉयलर मीच चालवला. पण मला सांगायचं आहे ते त्या नापास झालेल्या संध्याकाळचं.

घरी आलो तेव्हा अनसूया भाकऱ्या करत होती. नापास झालो हे सांगायला सोपं गेलं. छोट्या दोनाचं सांगायला जड गेलं, कारण मी चुकीचं शिकलो तसं तिलाही चुकीचंच शिकवलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तिनाचं किती?” मी म्हटलं, नऊ. “चाराचं?” सोळा. “पाचाचं?” पंचवीस. ती थांबली आणि म्हणाली, “हे भसाभसा वाढतंय की.” मग तिने परातीत बघितलं. म्हणाली, म्हणजे दुप्पट रुंद भाकरीला पीठ दुप्पट नाही, चौपट लागणार?

मी म्हटलं, सूत्राप्रमाणे तसं होतं. पण आता सूत्रावर माझा भरवसा उरलेला नव्हता. तिने सूत्राची वाट बघितली नाही. एक गोळा घेऊन तळहाताएवढी भाकरी थापली. मग तेवढेच दोन गोळे एकत्र करून त्याच जाडीची थापली आणि हात लावून पाहिला. दोन तळहात भरायला बरीच कमी पडली. मग चार गोळे एकत्र केले आणि थापत गेली. मी पीठ भुरभुरत होतो. भाकरी पसरत पसरत गेली, आणि तिने दोन तळहात शेजारी शेजारी ठेवले, तर कडेला कड लागली.

आम्ही दोघं त्या भाकरीकडे बघत राहिलो. मग आम्हाला हसू फुटलं आणि आवरेना. शेजारची बाई दारात येऊन विचारून गेली की पास झाले वाटतं. पुस्तकात होतं म्हणून किंवा साहेब म्हणाले म्हणून नव्हे, आमच्या डोळ्यांदेखत परातीत ते खरं निघालं होतं. माझं बरोबर आहे की चूक, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कोणाला विचारावं लागलं नाही.

अनसूयेने ती भाकरी शेकली, मधून मोडली, अर्धी माझ्या ताटात घातली आणि म्हणाली, “आता फुडचं पान काढा.”